सहा मायक्रॉनचा पडदा

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ म्हटला की डोळ्यांसमोर एक ठरलेलं चित्र येतं. जाड काच, दारावरचा लाल दिवा, भिंतींना मऊ अस्तर आणि मधोमध टांगलेला चंदेरी मायक्रोफोन. त्या खोलीत पाय ठेवायचा तर पूर्वी कंपनीचं बोलावणं लागायचं, नाहीतर तासाच्या हिशेबानं पैसे मोजावे लागायचे. आज गाणारी मुलं घरातल्याच एका खोलीत पंखा बंद करतात, खिडकीवर गोधडी टाकतात आणि काही हजार रुपयांच्या मायक्रोफोनसमोर उभी राहतात. त्यातून निघालेलं गाणं दूरदेशी पोचतं आणि ऐकणाऱ्याला ते घरात मुद्रित झालंय याची शंकाही येत नाही.

हा बदल घडला कसा? संगणकामुळे, असं उत्तर बहुतेक जण देतील. ते उत्तर निम्मंच खरं आहे. संगणक फक्त साठवतो. आवाज आधी कुणीतरी पकडावा लागतो. तो पकडणारं यंत्र स्वस्त कसं झालं, स्वस्त होताना त्यात काय उणं राहिलं आणि ते उणं भरून काढायला लोकांनी काय काय केलं, ही उरलेली निम्मी गोष्ट आहे. या गोष्टीत मोठे शोधक आहेतच. पण यंत्राचं झाकण उघडून आत डोकावणारे हौशी लोकही आहेत.

भोंग्यापासून पडद्यापर्यंत

१९०२ सालच्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कोलकात्यात आले आणि त्यांनी गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. तिथं मायक्रोफोन नव्हता. होता एक मोठा भोंगा. गायिकेनं त्या भोंग्यात तोंड घालून जोरात गायचं, आवाजाच्या धक्क्यानं टोकाची सुई हलायची आणि मेणाच्या तबकडीवर रेघ उमटायची. वीज कुठेच नाही. वेळ जेमतेम तीन मिनिटं. हळुवार, कुजबुजता सूर या भोंग्याला ऐकूच यायचा नाही.

गंमत अशी, की मायक्रोफोन तोवर पाव शतक जुना झाला होता. १८७०च्या दशकाच्या उत्तरार्धात एडिसन, एमिल बर्लिनर आणि डेव्हिड ह्यूज यांनी कार्बनच्या साहाय्यानं आवाजाचं विजेत रूपांतर करण्याच्या युक्त्या शोधल्या. टेलिफोन त्यावरच चालला. पण कार्बनचा मायक्रोफोन सतत खरखरायचा. निरोप कळण्यापुरता तो ठीक होता, गाण्यासाठी नव्हे.

कलाटणी मिळाली ती १९१६ साली. अमेरिकेत ई. सी. वेंटे या संशोधकानं कंडेन्सर मायक्रोफोन तयार केला. कल्पना सोपी आहे. एक अतिशय पातळ पडदा ताणून बसवायचा, त्याच्यामागे केसभर अंतरावर धातूची चकती ठेवायची आणि दोहोंमध्ये विजेचा भार ठेवायचा. आवाजाच्या लाटेनं पडदा थरथरला की हे अंतर कमीजास्त होतं आणि तसतसा विजेचा दाब बदलतो. वेंटे यांना हवं होतं ते आवाज मोजण्याचं उपकरण. सर्व सुरांना सारखाच प्रतिसाद देणारी मोजपट्टी त्यांनी बनवली. तीच पुढे गायकांच्या कामी आली. १९२५मध्ये अमेरिकेतल्या बड्या रेकॉर्ड कंपन्यांनी विजेवरचं ध्वनिमुद्रण स्वीकारलं आणि भोंग्याचा जमाना सरला.

त्याबरोबर गाणंही बदललं. नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकण्याची सक्ती उरली नाही. श्रोत्याच्या कानाशी बोलल्यासारखं गाता येऊ लागलं. मराठी भावगीताचा जन्म रेडिओ आणि रेकॉर्डच्याच काळात व्हावा, हा काही निव्वळ योगायोग नव्हे.

पण मायक्रोफोन आला तशी एक नवी डोकेदुखीही आली. जे हवं ते त्याला ऐकू यायचं आणि जे नको तेही. १९३१ साली मुंबईत ‘आलम आरा’चं चित्रीकरण चाललं होतं. स्टुडिओजवळून रेल्वे जात होती. म्हणून बरंचसं काम रात्री, गाड्या थांबल्यावर करावं लागलं आणि मायक्रोफोन कॅमेऱ्याला दिसू नयेत म्हणून नाना जागी लपवावे लागले. आज घरी मुद्रण करणारा माणूस शेजारच्या मिक्सरला आणि रस्त्यावरच्या हॉर्नला वैतागतो, तेव्हा तो भारतीय बोलपटाइतकीच जुनी तक्रार करत असतो.

बर्लिनची बाटली

१९२८ साली बर्लिनमध्ये गेऑर्ग नॉयमान यांनी आपली कंपनी काढली. त्यांचा सीएमव्ही ३ हा मायक्रोफोन आकारानं बाटलीसारखा होता, म्हणून त्याला लोक ‘नॉयमानची बाटली’च म्हणत. मोठ्या संख्येनं तयार झालेला हा पहिला कंडेन्सर मायक्रोफोन. दुसऱ्या महायुद्धात बर्लिनवर बॉम्ब पडू लागले तेव्हा, १९४३ साली, कारखाना गेफेल या लहानशा गावी हलवण्यात आला. युद्ध संपलं आणि गेफेल सोव्हिएत अमलाखाली गेलं. नॉयमान यांनी पश्चिम बर्लिनमध्ये पुन्हा मांडणी केली. गेफेलचा कारखाना पूर्व जर्मनीत राहिला. एका घराच्या दोन चुली झाल्या. हा तपशील ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण मायक्रोफोन बनवण्याची विद्या त्यामुळे पोलादी पडद्याच्या दोन्ही बाजूंना वाढत राहिली.

१९४९मध्ये नॉयमानचा यू ४७ आला, १९६०मध्ये यू ६७ आणि १९६७मध्ये यू ८७. व्हिएन्नाच्या एकेजी कंपनीचा सी १२ हा १९५३चा. जगभरच्या स्टुडिओंमध्ये आजही यांची नावं आदरानं घेतली जातात.

यांच्या काळजाला म्हणतात कॅप्सूल. सोन्याचा मुलामा दिलेला प्लॅस्टिकचा पडदा, जाडी साधारण सहा मायक्रॉन. म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. हा पडदा कुठेही सैल न पडता सारख्या ताणानं बसवणं हे कसबी हातांचं काम होतं आणि किंमत त्या हातांची होती. यू ८७ची किंमत पुढे तीन हजार डॉलरच्या पल्याड गेली. सामान्य गायकाच्या दृष्टीनं ते स्वप्नच.

एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. हे पूज्य मायक्रोफोनही मूळ रूपात अबाधित राहिलेले नाहीत. यू ४७मध्ये व्हीएफ १४ नावाचा व्हॉल्व्ह असे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्याचं उत्पादन थांबलं. मग अनेक यू ४७मध्ये त्याच्या जागी न्यूव्हिस्टर नावाचा चिमुकला धातूचा व्हॉल्व्ह बसवण्यात आला. तेव्हा मायक्रोफोन उघडून आतला भाग बदलणं हा काही आजच्या हौशी मंडळींनी काढलेला उपद्व्याप नाही. ती या यंत्राची जुनी परंपराच आहे.

स्टुडिओ घरात आला

घरच्या ध्वनिमुद्रणाचा आद्यपुरुष म्हणून अमेरिकेचे गिटारवादक लेस पॉल यांचं नाव घ्यावं लागेल. बिंग क्रॉस्बी यांच्याकडून त्यांना अ‍ॅम्पेक्स कंपनीचं टेपयंत्र मिळालं. पॉल यांनी त्यात एक जास्तीचं हेड बसवून घेतलं आणि आधीच्या आवाजावर नवा आवाज चढवण्याची सोय केली. पत्नी मेरी फोर्ड हिच्याबरोबर न्यूयॉर्कच्या राहत्या घरी त्यांनी मुद्रित केलेलं ‘हाऊ हाय द मून’ हे गाणं १९५१ साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. स्टुडिओ म्हणजे इमारत नव्हे, हे त्या दोघांनी सिद्ध केलं.

तरी हे सगळ्यांना परवडणारं नव्हतं. ते दार उघडलं १९७९मध्ये. टास्कम कंपनीनं ‘पोर्टास्टुडिओ’ आणला: साध्या कॅसेटवर चार वेगवेगळे ट्रॅक मुद्रित करणारं यंत्र. १९८२च्या जानेवारीत ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी न्यू जर्सीतल्या घरी, या यंत्रावर, शुअर कंपनीचे एसएम ५७ हे दोन मायक्रोफोन लावून काही गाणी कच्ची म्हणून मुद्रित केली. पुढे तीच गाणी वाद्यवृंदासह रीतसर स्टुडिओत केली, पण त्यांत जीव उतरेना. अखेर घरच्या कॅसेटवरूनच ‘नेब्रास्का’ हा संग्रह प्रसिद्ध झाला.

एसएम ५७ हा १९६५ सालचा, दणकट, स्वस्त, डायनॅमिक जातीचा मायक्रोफोन. त्यात पडद्याला तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं आणि ते चुंबकात हलतं. त्याला विजेचा पुरवठा लागत नाही आणि खोलीतला बारीकसारीक गोंगाटही तो फारसा टिपत नाही. श्वासाची झुळूक, तंबोऱ्याची जवारी असे नाजूक तपशील मात्र कंडेन्सरच अधिक चांगले पकडतो. म्हणून संगणकावर मुद्रण सुरू झालं, टेपची खसखस गेली, तेव्हा घरोघरच्या गायकांना कंडेन्सर हवासा वाटू लागला. तो परवडणार कसा?

पेइचिंगचा कारखाना

उत्तर आलं चीनमधून, आणि तेही जर्मन वळणानं. १९५०च्या दशकात पूर्व जर्मनीच्या मदतीनं पेइचिंगमध्ये इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा एक अवाढव्य कारखाना उभा राहिला. १९५७मध्ये तो सुरू झाला आणि १९६४मध्ये त्याचे विभाग करून प्रत्येकाला क्रमांक देण्यात आले. त्यातला ७९८ क्रमांकाचा भाग आज कलादालनांसाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या शेजारचा ७९७ मायक्रोफोन बनवत असे. चीनचे दरवाजे जगासाठी उघडले तेव्हा मोठ्या पडद्याचे कंडेन्सर मायक्रोफोन तिथून निघू लागले. किंमत जर्मन मालाच्या एका लहानशा अंशाइतकी.

ऑस्ट्रेलियाच्या पीटर फ्रीडमन यांनी असे चिनी मायक्रोफोन मागवले, उघडले, सुधारले आणि विकले. त्यातूनच नव्वदच्या दशकात रोडे ही कंपनी नावारूपाला आली. म्हणजे आज जगभर पोचलेल्या या कंपनीचा आरंभच स्वस्त मायक्रोफोनच्या दुरुस्ती-सुधारणेतून झाला. रशियातल्या तुला शहराच्या ऑक्तावा कारखान्याचे मायक्रोफोनही याच काळात पश्चिमेकडे गेले आणि तिथल्या तंत्रज्ञांनी त्यांच्यावर हात चालवायला सुरुवात केली. २०००नंतर तर शंभर डॉलरच्या आत मोठ्या पडद्याचा कंडेन्सर मिळू लागला. नावं निरनिराळी, रंग निरनिराळे. झाकण उघडावं तर अनेकांच्या आत तीच कॅप्सूल, तेच सर्किट!

झाकण उघडल्यावर

या स्वस्त मायक्रोफोनांबद्दल एक तक्रार सगळीकडे ऐकू येई. आवाज कर्कश वाटतो, ‘स’ आणि ‘श’ कानात टोचतात. याचं कारण मोठं उद्बोधक आहे.

नॉयमाननं यू ६७ बनवताना एक हुशारी केली होती. त्याच्या कॅप्सूलमध्ये वरच्या पट्टीतले, दहा हजार हर्ट्झच्या आसपासचे स्वर मुद्दाम उचललेले होते. मग आतल्या सर्किटमध्ये तेच स्वर तेवढेच खाली आणलेले होते. स्वर खाली आणताना सर्किटची स्वतःची सळसळही दबली जाते, हा त्यातला फायदा. चिनी कारखान्यांनी कॅप्सूलची नक्कल केली. पण तिच्यामागे बसवलं एक साधं, कमी भागांचं सर्किट, ज्यात स्वर खाली आणण्याची सोयच नव्हती. कुलूप एकाचं आणि किल्ली दुसऱ्याची, असा प्रकार झाला. उचललेला स्वर उचललेलाच राहिला.

हे उमगल्यावर उपायही सापडले. पहिला उपाय सर्किटमध्ये योग्य जागी एक लहानसा कपॅसिटर घालून वरचा स्वर उतरवण्याचा. दुसरा, कॅप्सूलच बदलून यू ४७च्या धर्तीची, सपाट स्वभावाची बसवण्याचा. हे दोन बदल कुणाच्याही कानाला कळतात. तिसरा उपाय जाळीचा. स्वस्त मायक्रोफोनच्या डोक्यावर जाळीचे दोन-तीन थर असतात. त्यात आवाज आपटून परततो. आतला एखादा थर काढला की आवाज मोकळा होतो. चौथा, नळकांड्याचा. पितळी किंवा पत्र्याचं अंग टिचकी मारल्यावर घंटेसारखं वाजत असेल, तर आतून थोडी लांबी किंवा रबराची पट्टी चिकटवली की ते गप्प बसतं.

पाचवा उपाय आपल्या हवेत फार मोलाचा आहे. कंडेन्सरच्या सर्किटमध्ये एक अब्ज ओहमपर्यंतचे रोधक असतात. इतक्या नाजूक ठिकाणी बोटाचा तेलकट ठसा किंवा सोल्डरिंगचा उरलेला राळेचा थर असला, की दमट दिवसांत त्यातून वीज झिरपते आणि मायक्रोफोन तडतडू लागतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हा अनुभव नवा नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं ती जागा नीट पुसली आणि मायक्रोफोन सिलिका जेलच्या पुडीसह डब्यात ठेवला, तर बरीचशी तडतड थांबते. मात्र कॅप्सूलच्या पडद्याला हात लावायचा नाही, फुंकरही घालायची नाही. सहा मायक्रॉन म्हणजे काय, ते तेव्हा कळतं आणि कळून उपयोग नसतो.

याखेरीज महागडे कपॅसिटर, खास ट्रान्झिस्टर, अमुक देशाची तार अशा बदलांचीही मोठी बाजारपेठ आहे. सर्किटची सळसळ खरोखर जास्त असेल तर चांगल्या ट्रान्झिस्टरनं ती कमी होते. पण इतर अनेक बदलांचा फरक कानांपेक्षा बिलामध्ये जास्त जाणवतो. एक इशाराही द्यायला हवा. साध्या कंडेन्सरला मिक्सरमधून ४८ व्होल्टांचा पुरवठा होतो. व्हॉल्व्हच्या मायक्रोफोनला मात्र स्वतंत्र पेटी असते आणि तिच्यात शंभराहून अधिक व्होल्ट असतात, बंद केल्यावरही काही काळ टिकून राहतात. त्या पेटीत जाणकारानंच हात घालावा.

पारख कशी करावी?

मग विकत घेताना किंवा बदल केल्यावर पारख कशी करायची? पहिला नियम, नाव विसरायचं. रोडेच्या एनटी १-ए या स्वस्त मायक्रोफोनची स्वतःची सळसळ कंपनी पाच डेसिबल देते. नॉयमानच्या यू ८७ एआयची बारा. म्हणजे या एका कसोटीवर स्वस्तच सरस ठरतो. पण कसोट्या आणखीही आहेत. आवाजाचा रंग, बाजूनं बोलल्यावर तो किती बदलतो, जवळ गेल्यावर खर्ज किती फुगतो आणि मोठ्या आवाजाला मायक्रोफोन फाटतो का, हे सगळं बघावं लागतं.

दुसरा नियम, तुलना करताना दोन्ही मायक्रोफोनांची पातळी अगदी सारखी ठेवायची. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिलं, की आवाजाची पातळी बदलली की खर्ज आणि तार स्वर कानाला कमीजास्त ऐकू येतात. जरा मोठा वाजणारा मायक्रोफोन त्यामुळे भरदार वाटतो. विक्रेत्यांना हे ठाऊक असतं. ग्राहकालाही असलेलं बरं.

तिसरा नियम, डोळे मिटायचे. कोणतं मुद्रण कुठल्या मायक्रोफोनचं, हे दुसऱ्या कुणाला तरी मनाशी ठेवायला सांगावं आणि आपण फक्त ऐकावं. शब्द आपले मराठीच घ्यावेत. ‘स’, ‘श’, ‘च’ यांनी टोचणी कळते. ‘फ’ आणि ‘भ’ यांनी श्वासाचा फटका. टाळ आणि घुंगरू वाजवून पाहावेत. त्यांचे सूर सुटे ऐकू आले तर उत्तम. नुसता चुरा ऐकू आला तर मायक्रोफोन नापास.

आणि चौथा नियम, जो सर्वांत आधी सांगायला हवा होता: पहिला खर्च खोलीवर करावा. उघड्या भिंतींच्या खोलीत महागडा मायक्रोफोन फक्त तिचा घुमारा अधिक स्पष्ट ऐकवतो. पुस्तकांचं कपाट, गाद्या, गोधड्या, जाड पडदे यांनी जे साधतं ते कुठल्याही कपॅसिटरनं साधत नाही.

हा सगळा खटाटोप कशासाठी? आवाज टिपण्याचा अधिकार कुणाकडे असावा, एवढ्या एका प्रश्नासाठी. भोंग्याच्या काळात कंपनी ठरवायची, तोच आवाज उरला. त्या काळी जात्यावर दळताना ओव्या गाणाऱ्या असंख्य बायांचे आवाज विरून गेले. पुढे पुण्यातल्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी सहकाऱ्यांसह एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि नव्वदच्या दशकात त्यांतल्या काहींचं ध्वनिमुद्रणही होऊ लागलं. म्हणून त्यांतले थोडे आवाज आज आपल्याला ऐकता येतात. स्वस्त पण नीट पारखलेला मायक्रोफोन हे काम घराघरांत करू शकतो. आपल्या घरात एखादी आजी अजून गात असेल, एखादे आजोबा जुनी कीर्तनाची चाल गुणगुणत असतील, तर यू ८७ची वाट पाहू नये. खिडकी लावावी, पंखा बंद करावा आणि हाताशी असेल तो मायक्रोफोन त्यांच्यासमोर ठेवावा. मायक्रोफोन पुढे सुधारता येतो; न टिपलेला आवाज मात्र पुन्हा मिळत नाही.